पीएचडीचा प्रगती अहवाल: परीक्षा विद्यार्थ्याची, पण गाइडची कोण घेणार?

डिसेंबर २०२३. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होतं. विधान परिषदेत सारथीच्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला. फेलोशिपची संख्या वाढवा, असा आग्रह काँग्रेसचे आमदार सतेज पाटील धरत होते. त्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, पीएचडी करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार आहेत?

पुढचे काही दिवस सोशल मीडियावर हाच विषय होता. मीम आले, स्टेटस आले, विद्यार्थी संघटनांनी निषेध केला. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र मागे पडली. सरकारी पैशावर संशोधन करणारा विद्यार्थी नेमकं काय करतोय, हे तपासायची व्यवस्था आपल्याकडे आधीपासून आहे. दर सहा महिन्यांनी पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एका समितीपुढे उभं राहून आपल्या दिव्यांचा हिशोब द्यावा लागतो. लेखी द्यावा लागतो, प्रेझेंटेशन करून द्यावा लागतो आणि त्यावर सह्या गोळा कराव्या लागतात.

हा हिशोब म्हणजे प्रगती अहवाल. फेलोशिप चालू राहणार का, मुदतवाढ मिळणार का, आणि वेळ आली तर रजिस्ट्रेशन टिकणार का, हे त्या दोन-तीन पानांवर ठरू शकतं. गोम अशी, की काम का रखडलं याचं उत्तर त्यात फक्त विद्यार्थ्याकडून मागितलं जातं.

नियम काय सांगतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएचडीची नवी नियमावली अधिसूचित केली. त्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते. विद्यापीठांत तिला आरएसी किंवा नुसतं 'रॅक' म्हणतात. (अनेक ठिकाणी विषयाला मान्यता देणारी आरआरसी वेगळी असते, तिच्याशी गल्लत नको.)

संशोधनाचा आराखडा तपासून विषय पक्का करणं, संशोधन पद्धतीबाबत मार्गदर्शन करणं आणि कामाचा वेळोवेळी आढावा घेणं ही या समितीची कामं. प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने तिच्यापुढे सादरीकरण करायचं आणि छोटा अहवाल द्यायचा. समिती आपल्या शिफारशी विद्यापीठाला पाठवते. त्या शिफारशींची एक प्रत विद्यार्थ्याला द्यायची, असंही नियमात स्पष्ट म्हटलं आहे. ही प्रत आपला हक्क आहे, हे कित्येक विद्यार्थ्यांच्या गावीही नसतं.

प्रगती समाधानकारक नसेल तर समितीने कारणं नोंदवायची आणि सुधारणेचे उपाय सुचवायचे. विद्यार्थ्याने ते अमलात आणले नाहीत, तरच नेमकी कारणं देऊन रजिस्ट्रेशन रद्द करण्याची शिफारस करता येते. म्हणजे एका बैठकीत 'तुमचं काम काही दिसत नाही' असं म्हणून कुणाला घरी पाठवता येत नाही. आधी कारण, मग उपाय, मग सुधारायची संधी, आणि त्यानंतर शेवटचं पाऊल.

वाचायला हे सगळं नीट वाटतं. पण त्याच नियमात एक छोटं वाक्य आहे: या समितीचा निमंत्रक विद्यार्थ्याचा गाइडच असेल.

बैठकीच्या खोलीत काय होतं?

समजा, एका विद्यार्थिनीचा विषय रसायनशास्त्राचा आहे. सहा महिन्यांपूर्वी मागवलेली रसायनं अजून आलेली नाहीत. खरेदीची फाइल कुठल्या तरी टेबलावर पडून आहे. विभागातलं एक महत्त्वाचं यंत्र बंद आहे आणि नमुने तपासायला दुसऱ्या शहरात पाठवावे लागतायत. तिने लिहिलेलं प्रकरण गाइडकडे तीन महिने तसंच आहे, कारण त्यांच्याकडे नॅकची कामं, परीक्षेची कामं आणि वर्गातली शिकवणी आहे.

आता ही विद्यार्थिनी समितीपुढे उभी राहते. समितीची बैठक बोलावली गाइडने. बाकीचे सदस्य साधारणपणे त्याच विभागातले किंवा ओळखीतले. पहिला प्रश्न येतो: काम मागे का पडलं?

खरं उत्तर द्यायचं तर तिला भर बैठकीत सांगावं लागेल, की सर, माझं प्रकरण तीन महिने तुमच्याकडे आहे. हे कोण बोलेल? पुढच्या अहवालावर सही यांचीच लागणार, थिसिस यांच्याच सहीने जाणार आणि नोकरीसाठी शिफारसपत्रही यांच्याकडूनच घ्यायचं. त्यामुळे ती म्हणते, पुढच्या सहा महिन्यांत भरून काढते. समिती मान डोलावते. अहवालात लिहिलं जातं, 'प्रगती समाधानकारक.'

इथे दोन प्रकारची नुकसानं होतात, आणि वरवर ती एकमेकांच्या उलट दिसतात. पहिलं म्हणजे सगळ्यांना सरसकट 'समाधानकारक'. पाच वर्षं दहा अहवाल चांगले, आणि सहाव्या वर्षी मुदतवाढीच्या अर्जावर अचानक शेरा येतो की काम अपुरं आहे. मग आधीच्या दहा अहवालांत काय तपासलं होतं? दुसरं म्हणजे अहवालाचा हत्यारासारखा वापर. गाइडशी बिनसलं, वेगळं मत मांडलं, घरगुती कामं करायला नकार दिला, की सही अडते. दोन्हींचं मूळ एकच आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार असू शकते, त्याच्याच हातात मोजपट्टी दिलेली आहे.

सगळे गाइड असे नसतात, हे उघड आहे. रात्री अकराला फोन उचलणारे, स्वतःच्या खिशातून रसायनं आणून देणारे गाइडही याच विद्यापीठांत आहेत. आणि त्यांच्यावरचा बोजाही खरा आहे. नियमानुसार एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडी विद्यार्थी असू शकतात. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. मग जे आहेत त्यांच्यावर शिकवणं, परीक्षा, समित्या आणि संशोधक विद्यार्थी असं सगळंच येतं. पण हा बोजा प्रगती अहवालात कुठेच दिसत नाही. तिथे एकच नाव असतं, विद्यार्थ्याचं.

सही अडली की पैसे अडतात

यूजीसीची जेआरएफ मिळालेल्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये मिळतात. दोन वर्षांनंतरची ही बढती आपोआप होत नाही. विभागप्रमुख, गाइड आणि बाहेरचा एक तज्ज्ञ अशी तिघांची समिती कामाचं मूल्यमापन करते. काम पुरेसं वाटलं नाही तर सुधारण्यासाठी आणखी एक वर्ष मिळतं, पण त्या वर्षात दर्जा जेआरएफचाच राहतो. इथे निदान बाहेरचा एक माणूस खोलीत असतो.

बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपमध्येही पैसे कागदपत्रांच्या मागोमाग येतात. हजेरी, प्रगती अहवाल, घरभाडे भत्त्याचे दाखले. त्यातला एक कागद जरी राहिला तरी पुढचा हप्ता लांबतो.

आणि हा हप्ता म्हणजे खोलीचं भाडं असतं, मेसचं बिल असतं. कित्येक घरांमध्ये गावाकडे पाठवायचे पैसेही त्यातूनच जातात. फेलोशिप चार महिने आली नाही की विद्यार्थी क्लासमध्ये शिकवायला लागतो, तासिका तत्त्वावर कॉलेज धरतो. संशोधनाचा वेळ तिकडे जातो. पुढच्या बैठकीत प्रश्न येतो, काम मागे का पडलं? पैसे थांबले म्हणून काम मागे, आणि काम मागे म्हणून पुन्हा पैसे थांबले, असं हे चक्र आहे. याचा सगळ्यात मोठा फटका कुणाला बसतो, हे वेगळं सांगायला नको. ज्याच्या घरून महिन्याला दहा हजार येऊ शकतात, तो चार महिने काढतो. ज्याच्या घरातला तो पहिलाच पदवीधर आहे, त्याची पीएचडी तिथेच संपू शकते.

संलग्न महाविद्यालयांतल्या संशोधन केंद्रांची गोष्ट आणखी लांबलचक. रजिस्ट्रेशन विद्यापीठात, संशोधन केंद्र तालुक्याच्या कॉलेजात आणि गाइड कधी कधी तिसऱ्याच गावात. अहवाल गाइडकडून केंद्रप्रमुखाकडे, तिथून प्राचार्यांकडे आणि तिथून विद्यापीठाच्या पीएचडी विभागात. यातल्या कुठल्या टप्प्यावर किती दिवस गेले, हे कुणी मोजत नाही. उशीर झाला तर तो 'विद्यार्थ्याने अहवाल वेळेत दिला नाही' असाच दिसतो.

घड्याळ फक्त एकाच बाजूने चालतं

पीएचडीसाठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण आठ. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत, म्हणजे कमाल दहा. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते.

हे घड्याळ प्रवेशाच्या दिवशी सुरू होतं. मधे गाइड निवृत्त झाले, नवा गाइड मिळायला आठ महिने गेले, तरी ते चालूच राहतं. यंत्र बंद असलं तरी चालू, खरेदीची फाइल अडली तरी चालू.

पण ते थांबवता येतच नाही, असंही नाही. कोविडच्या काळात प्रयोगशाळा आणि ग्रंथालयं बंद होती, तेव्हा यूजीसीने थिसिस सादर करायची मुदत वेळोवेळी वाढवून दिली. उशीर विद्यार्थ्यामुळे झालेला नाही हे मान्य केलं, की वेळ देता येतो. प्रश्न एवढाच आहे, की एरवी ते मान्य करायला नोंद कुठे आहे? नोंद व्हायची जागा म्हणजे हाच प्रगती अहवाल, आणि त्यात तो रकाना नाही.

विद्यापीठालाही एक मुदत आहे. थिसिस दिल्यापासून व्हायवाचा निकाल लागेपर्यंतची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी, अशी व्यवस्था करायला नियम सांगतो. ती मुदत उलटली तर विद्यापीठाचा 'असमाधानकारक' अहवाल मात्र कुणी लिहीत नाही.

मग आढावाच नको का?

असं म्हणणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात पीएचडीचे १.१७ लाख विद्यार्थी होते. २०२१-२२ मध्ये ते २.१२ लाख झाले. संख्या इतक्या वेगाने वाढते तेव्हा दुकानंही उघडतात. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पुढची पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश द्यायला बंदी घातली. चुरूचं ओपीजेएस, अलवरचं सनराइज आणि झुंझुनूचं सिंघानिया विद्यापीठ. पीएचडी देताना नियम पाळले नाहीत, हा ठपका होता. अशा ठिकाणी खरा आढावा होत असता, तर गोष्ट बंदीपर्यंत आलीच नसती.

म्हणजे आढावा हवाच, कडकही हवा. मुद्दा आहे तो काय मोजलं जातं याचा. सध्या सगळ्यात सोपं माप म्हणजे पेपरांची संख्या. २०१६ च्या नियमांत थिसिसआधी एक शोधनिबंध प्रकाशित करणं आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं सक्तीची होती. त्या सक्तीने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा तेजीत आला, ही टीका सर्रास होत होती. २०२२ च्या नियमांत ती सक्ती निघाली. तरी 'या सहा महिन्यांत किती पेपर?' हा प्रश्न विभागांच्या सवयीतून गेलेला नाही.

विषयागणिक कामाचा वेग वेगळा असतो, हे तर त्या प्रश्नात बसतच नाही. मराठेशाहीवर काम करणारा विद्यार्थी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात महिनोन् महिने मोडीचे कागद वाचत बसतो. शंभर कागदांतले चार कामाचे निघतात. मेळघाटात क्षेत्रकार्य करणाऱ्या मुलीचे पावसाळ्याचे महिने वाया जाऊ शकतात. कम्प्युटर सायन्सवाल्याचे त्याच काळात दोन पेपर होतात. तिघांना एकच फॉर्म दिला, तर पहिले दोघे कामचुकार ठरतात.

दुसरीकडे काय करतात?

लांब जायची गरज नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत वर्षातून एकदा प्रगती सेमिनार होतो आणि संशोधन प्रगती समिती तो ऐकते. वर्षभराच्या कामावर सलग बोलायला मिळतं, ही त्यातली चांगली बाजू. पण तिथेही गाइड समितीत असतोच.

ब्रिटनमधल्या केंब्रिजमध्ये पहिलं वर्ष एक प्रकारे परीक्षेचं असतं. वर्षाअखेरीस मूल्यमापन होतं आणि ते पार पडलं तरच विद्यार्थी पक्का पीएचडीला बसतो. नाही जमलं तर सहाव्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्याच वर्षी कळतं. ऑक्सफर्डमध्ये वर्षातून अनेकदा ऑनलाइन अहवाल भरतात. तो गाइड भरतो आणि विद्यार्थीही भरतो. अडचण नोंदवायची सोय आहे. अर्थात विद्यार्थ्याचं लिखाण गाइडलाही दिसतं, त्यामुळे किती मोकळेपणाने लिहिलं जात असेल हा प्रश्न राहतोच.

यावर सगळ्यात साधा तोडगा जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थांच्या अनेक ग्रॅज्युएट स्कूलमध्ये सापडतो. तिथेही सल्लागार समिती आहे, बैठक आहे, सादरीकरण आहे. फक्त बैठकीच्या एका टप्प्यावर गाइड खोलीबाहेर जातो आणि उरलेली समिती विद्यार्थ्याशी एकट्याने बोलते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. नवी इमारत लागत नाही, निधी लागत नाही, पोर्टलही लागत नाही. (पोर्टलशिवाय होणारी सुधारणा आपल्याकडे कुणाला आवडेल का, हा वेगळा विषय.)

आत्ता विद्यार्थ्याच्या हातात काय आहे?

थोडं आहे, पण वापरलं जात नाही. समितीच्या शिफारशींची प्रत लेखी मागता येते. मागितली आणि दिली नाही, तर सार्वजनिक विद्यापीठात माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'असमाधानकारक' शेरा आला तर त्याची कारणं आणि सुधारणेचे उपाय लेखी हवेत. ते नसतील तर शेरा नियमाला धरून नाही.

रोजच्या कामात त्याहून उपयोगी सवय म्हणजे ईमेल. प्रकरण गाइडला दिलं की त्याच दिवशी एक साधा, नम्र मेल: सर, आज प्रकरण तीन आपल्याकडे दिलं आहे. रसायनांची मागणी दिली, यंत्र बंद पडलं, तरी तसंच. यात तक्रारीचा सूर लागत नाही आणि तारखा आपोआप जमा होतात. पुढे मुदतवाढ मागताना याच तारखा कामाला येतात.

प्रकरण फारच बिघडलं तर यूजीसीचे एप्रिल २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी आणि तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. तिचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. गाइडविरुद्ध तक्रार करून त्याच विभागात पुढची तीन वर्षं काढायची हिंमत किती जणांत असेल, हे नियमात लिहिलेलं नाही. म्हणून तर भांडण तक्रारीपर्यंत जाण्याआधी, साध्या सहामाही बैठकीतच बोलायची सोय हवी.

ती सोय करायला प्रत्येक वेळी दिल्लीकडे बघायची गरज नाही. निमंत्रक गाइडऐवजी दुसरं कुणी करायचं असेल तर यूजीसीला नियम बदलावा लागेल. पण अहवालाच्या फॉर्ममध्ये 'विलंबाची कारणं: विद्यार्थी, मार्गदर्शक, विभाग, निधी' असा रकाना घालणं, लेखन गाइडकडे गेल्याची आणि परत आल्याची तारीख नोंदवणं, बैठकीतली दहा मिनिटं गाइडशिवाय ठेवणं आणि बाहेरचा एक सदस्य बोलावणं, यातलं काहीही सध्याच्या नियमाच्या आड येत नाही. विद्यापीठाच्या विद्या परिषदेने ठरवलं तर पुढच्या सत्राचा फॉर्म बदलून येऊ शकतो.